खोट काढणारे डोळे

खेळणं मोडलं म्हणजे ते मनसोक्त खेळून झालं, असा साधा हिशोब आमच्या लहानपणी होता. बाहुलीचा हात निखळायचा, लाकडी बैलाचं शिंग जायचं, तरी खेळ थांबायचा नाही. उलट शिंग गेलेल्या बैलाला त्यावरूनच नाव मिळायचं. आता याच्या बरोबर उलटा हिशोब जगात रुळला आहे आणि तो आपल्या समाजातल्या शिकल्यासवरल्या घरांपर्यंतही येऊन पोचला आहे. या हिशोबात खेळणं मोठ्या माणसाने विकत घ्यायचं, खोक्यातून बाहेर काढायचं नाही, काढलंच तर हातमोजे घालून काढायचं. ज्याला कुणाचाच हात लागला नाही ते सगळ्यात मोलाचं.

या खेळण्यांना ॲक्शन फिगर म्हणतात. सिनेमातले, कॉमिकमधले वीर, सैनिक, यंत्रमानव यांच्या हातपाय वळणाऱ्या छोट्या प्रतिमा. हे नाव कसं पडलं त्याची गोष्ट गमतीची आहे. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो नावाचा बाराएक इंची सैनिक बाजारात आणला. होती ती कपडे बदलता येणारी बाहुलीच. पण मुलग्याच्या हातात बाहुली कोण देईल, म्हणून तिला बाहुली म्हणायचंच नाही असं ठरलं आणि हा नवा शब्द आला. (बाहुली या शब्दाची केवढी ती लाज! असो.) पुढे १९७७ साली स्टार वॉर्स हा सिनेमा आला. त्यातल्या पात्रांची खेळणी नाताळापर्यंत तयार झाली नाहीत, तेव्हा केनर कंपनीने खेळण्यांच्या जागी पुठ्ठ्याचं पाकीटच विकलं. आत लिहिलेलं, की खेळणी पुढच्या वर्षी घरपोच मिळतील. लोकांनी तेही घेतलं. त्या वेळची मुलं आज पन्नाशी-साठीत आहेत आणि आपलं बालपण परत विकत घेताहेत. न उघडलेलं खोकं दुर्मीळ असणारच, कारण कुठलं धडधाकट मूल खोकं न उघडता राहील? अमेरिकेत अशा खेळण्यांची तपासणी करून त्यांना शंभरपैकी गुण देणाऱ्या संस्था आहेत. गुण मिळालेलं खेळणं पारदर्शक पेटीत कायमचं बंद होऊन घरी येतं. दहावीच्या मुलाचं जसं एकेका टक्क्यावर अडतं, तसं इथे एकेका गुणावर किमतीचं अडतं.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा हैदराबादला नोकरीला आहे. एकतीस वर्षांचा, निर्व्यसनी, रात्रीभोजनाचा त्याग पाळणारा मुलगा. त्याच्या भाड्याच्या घरात पलंग साधा आणि काचेचं कपाट मात्र दिवे लावलेलं. त्यात सव्वाशेच्या वर प्रतिमा. दर महिन्याला एखादी येते आणि दर दोन-तीन महिन्यांना एखादी परत जाते. "मावशी, हे बघ, डोळ्यातलं बुबुळ सरकलंय." मी चष्मा लावून बघते, मला काही दिसत नाही. तो मोबाईलमध्ये मोठं करून दाखवतो, तेव्हा केसभर दिसतं.

त्याला हसून सोडून देणं सोपं आहे, पण मला ते बरोबर वाटत नाही. एक तर तो पैसे मोजतो आणि मोजलेल्या पैशांचा माल चोख असावा ही अपेक्षा वावगी नाही. आपण साडी घेताना पदर उजेडाकडे धरून बघतोच की. दुसरं म्हणजे, बारकाईने बघणं हा मोठा गुण आहे. हजार माणसं जी प्रतिमा एका नजरेत बघून पुढे जातील, तिच्यासमोर हा अर्धा तास बसतो. कारागिराला असा बघणारा मिळणं भाग्याचं. तेव्हा प्रश्न बारकाईचा नाही. ही बारकाई कशाला राखते आहे, हा प्रश्न आहे.

या छंदाच्या पोटातच एक गंमत आहे. पहिल्या जी. आय. जोच्या उजव्या अंगठ्याचं नख चुकून आतल्या बाजूला कोरलं गेलं होतं. कंपनीच्या लक्षात आलं, पण तिने ते तसंच ठेवलं, कारण कुणी नक्कल केली तर ती चूक त्याच्याही सैनिकात उतरणार आणि चोर पकडला जाणार. म्हणजे चूक हीच अस्सलपणाची सही झाली. आज जाणकार संग्राहक अंगठा उलटा करून ती चूक आहे ना, हे आधी बघतो! आपल्याकडेही असंच झालं. १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांची फनस्कूल कंपनी निघाली, गोव्यात कारखाना झाला आणि जी. आय. जोचे पावणेचार इंची सैनिक भारतात बनू लागले. साचे परदेशी, रंग मात्र इथले. काहींचे रंग मूळ सैनिकाशी जुळत नाहीत, काहींच्या धडावर डोकं भलत्याचंच. माझ्या मुलाने ते अंगणात पुरले, हौदात बुडवले, एकाचा पाय कुत्र्याने नेला. आता तेच विजोड रंगांचे भारतीय सैनिक परदेशातले संग्राहक शोधून शोधून घेतात. भाचा म्हणाला, "मावशी, तुम्ही पुरले नसते तर!" मी म्हटलं, पुरले नसते तर माझा मुलगा त्या दुपारी काय करत होता?

मागच्या दिवाळीनंतर तो आमच्याकडे आदिलाबादला आला, तेव्हा त्याला घेऊन निर्मलला गेले. निर्मल आता वेगळा जिल्हा आहे, २०१६ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं. महबूब घाट उतरला की आलंच. तिथली लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत: पोपट, मोर, हरणं, आणि खरी वाटतील अशी फळं. ती पोनिकी नावाच्या झाडाच्या लाकडाची. हे लाकूड इतकं हलकं आणि मऊ की कोरताना चाकूला फार जोर द्यावा लागत नाही. वेगवेगळे तुकडे कोरून जोडतात, सांध्यांत लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ भरतात, वरून पांढऱ्या मातीचा हात देतात, घासून गुळगुळीत करतात आणि मग कुंचल्याने रंगवतात. पोनिकीची झाडंही आता पूर्वीसारखी जंगलात मिळत नाहीत, म्हणून फुकट गेलेला प्रत्येक तुकडा त्यांना जड जातो.

भाच्याने पोपटांची जोडी निवडायला घेतली. समोर चाळीस पोपट. त्याने एक उचलला, चोचीचा लाल रंग हिरव्यात उतरला म्हणून ठेवला. दुसऱ्याच्या पंखावरची रेघ डावीकडे जाड. तिसऱ्याची मान थोडी कलती. रंगवणारी बाई चाळिशीची असेल, हातातलं काम न थांबवता बघत होती. शेवटी त्याने दोन काढले. तिने ते हातात घेतले, एक उलटा केला, पोटाखालच्या सांध्यावर अंगठा फिरवला आणि तो बाजूला टाकला. म्हणाली, "हा नको अम्मा. उन्हाळ्यात उकलेल." आणि त्याने नाकारलेल्यांतलाच कलत्या मानेचा एक त्याच्या हातात दिला. मी विचारलं, याची मान अशी का? ती तेलुगूत म्हणाली, पोपट काय सैनिक आहे का सरळ बघायला?

तिची नजर भाच्यापेक्षा कमी कडक नव्हती. उलट जास्तच. त्याला जी खोट दिसली नाही ती तिला अंगठ्याने कळली, आणि हातचं गिऱ्हाईक असताना तिने आपणहून माल बाजूला टाकला. पण ती खोट शोधत होती ती पोपट चार उन्हाळे टिकावा म्हणून. चोचीचा रंग केसभर सरकला तर पोपटाचं काही बिघडत नाही, आणि ज्या पोरीच्या हातात तो जाईल तिचंही बिघडत नाही.

अशीच आणखी एक कला आमच्या भागात आहे, उशेगावची डोकरा. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. वोज समाजाचे कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाच्या दोऱ्यांनी नक्षी करतात, वरून पुन्हा माती लिंपतात, भाजतात. मेण वितळून वाहून जातं, त्याच्या जागी पितळेचा रस ओततात आणि माती फोडून मूर्ती बाहेर काढतात. साचा फुटला, संपला. तिच्यासारखी हुबेहूब दुसरी होऊच शकत नाही, त्यामुळे 'बरोबर' कशाशी ताडून ठरवायचं हा प्रश्नच उरत नाही. (मेण पोळ्याचं, आणि मध तर आपल्यात वर्ज्य. पण आपल्या कितीतरी जुन्या धातूच्या जिनप्रतिमा याच मेणाच्या रीतीने ओतलेल्या आहेत, हेही लक्षात असू द्यावं.)

आता आपल्या स्वयंपाकघरात या. खोट शोधण्याचं आपल्याइतकं शिक्षण कुणाला मिळालं असेल? मुनींच्या आहारासाठी चौका लावायचा तर डाळीचा दाणा न् दाणा निवडतो. मुगात भुंगा आहे का, पिठात जाळी धरली का, पाणी गाळलं का, भाजी चिरण्याआधी पान उलटून बघितलं का. माझ्या सासूबाई पंच्याहत्तराव्या वर्षी मोहरीतला किडा ओळखायच्या. ही नजर भाच्याच्या नजरेपेक्षा तसूभरही कमी नाही. पण ती दाण्याच्या सौंदर्यासाठी नाही. त्या दाण्याआड एक जीव असेल, तो आपल्या हातून मरू नये म्हणून आहे. खोट सापडली तर दाणा आणि किडा दोघांनाही हळूच बाजूला ठेवायचं असतं. त्यात धिक्कार नसतो.

मी हे भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने मला चांगलं कोंडीत पकडलं. म्हणाला, "मावशी, मी तर ते वापरतही नाही, उघडतही नाही. भोग घेतच नाही. मग हा परिग्रह कसला? तुझ्या कपाटातल्या साड्या मोज बरं." साड्यांचा विषय मी सोडून दिला! पण प्रश्न खरा होता. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूचं नावच घेतलेलं नाही. परिग्रह म्हणजे मूर्च्छा, वस्तूपायी मनाला येणारी गुंगी. म्हणजे किती आहे हे मोजून भागत नाही, त्यापायी आपण किती बेशुद्ध आहोत ते बघावं लागतं. आणि ते बघायला लांब जावं लागलं नाही. गेल्या दशलक्षण पर्वात तो घरी आला होता. नेमका उत्तम आकिंचन्याचा दिवस, माझं काही नाही असं म्हणण्याचा. हैदराबादेत धो धो पाऊस. हा प्रवचन सोडून मंदिराच्या पायरीवर बसून शेजाऱ्याला फोनवर सांगतोय, की कपाटामागच्या भिंतीला हात लावून बघा, ओल आली आहे का. न उघडलेल्या खोक्यांनी त्याला तिथपर्यंत ओढून नेलं होतं. खोकं बंद होतं, पण आत कोण होतं?

"पण ती साधी प्लास्टिकची बाहुली आहे, तिच्याविषयी काय वाटलं त्याने काय होतं," असं कुणी म्हणेल. आपल्या परंपरेला हे मान्य नाही. यशोधर राजाची कथा आपल्या आया-आज्यांनी सांगितलेली आहे. आईच्या हट्टापायी त्याने बळी दिला, पण जिवंत प्राण्याचा नको म्हणून पिठाचा कोंबडा केला आणि त्याच्यावर शस्त्र चालवलं. कोंबडा पिठाचा, पण मारण्याचा भाव खरा. त्या एका भावापायी मायलेकांना मोर, कुत्रा करत करत कितीतरी पशुयोनींतून जावं लागलं. ही कथा घेऊन सोमदेवसूरींनी 'यशस्तिलक' हा ग्रंथ शके ८८१ मध्ये, म्हणजे इ.स. ९५९ साली पूर्ण केला, तोही वेमुलवाड्याच्या चालुक्यांच्या आश्रयाने. वेमुलवाडा आमच्यापासून काही फार दूर नाही. त्यांना मिळालेल्या दानाचा इ.स. ९६६ चा ताम्रपट परभणीला सापडला. म्हणजे ही कथा आपल्याच मुलखात मुरलेली आहे. पिठाच्या कोंबड्यावर चालवलेला हात जर जिवाला चिकटतो, तर रोज अर्धा तास भिंगातून खोट हुडकणारी नजरही कुठेतरी चिकटत असलीच पाहिजे. ती फक्त बाहुल्यांपुरती थांबेल असं मानायला मला आधार दिसत नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आपण स्वतः तर खंडित मूर्ती पूजत नाही. पंचकल्याणकात प्रतिष्ठा होण्याआधी प्रतिमेचं एकेक अंग तपासतात, डाग किंवा चीर चालत नाही. मग संग्राहकाने काय वेगळं केलं? मला वाटतं, फरक पुढच्या क्षणी आहे. प्रतिमा निर्दोष हवी ती तिच्यासमोर उभं राहिलेल्या माणसाचं मन कुठे अडखळू नये म्हणून. चोविसांपैकी बहुतेक प्रतिमा इतक्या सारख्या की खालचं लांछन बघितल्याशिवाय हे आदिनाथ की महावीर हे कळत नाही. तिथे प्रतिमेला विसरायचं असतं, आत वळायचं असतं. संग्राहक प्रतिमेला विसरू शकत नाही, तेच त्याचं दुखणं.

शिवाय आपल्या शास्त्रकारांनी या नियमालाही दार ठेवलेलं आहे. शंभर वर्षांहून जुनी, थोरांनी स्थापन केलेली प्रतिमा थोडी खंडित असली तरी पूज्य मानावी, अशी सवलत ठक्कुर फेरू यांच्या वास्तुसारात आहे. हा ग्रंथ इ.स. १३१५ चा. हे फेरू कोण, तर खिलजींच्या काळात दिल्लीच्या टांकसाळीचा अनुभव असलेला, नाण्यांतलं सोनं-चांदी पारखणारा आपला श्रावक. नाण्यांच्या पारखीवरही त्याचा ग्रंथ आहे. संग्राहक लोक निर्दोष खेळण्याला 'मिंट' म्हणतात, म्हणजे टांकसाळीतून नुकतंच बाहेर पडल्यासारखं. आणि इथे प्रत्यक्ष टांकसाळीतला माणूस, रत्तीभर खोट काढणं हा ज्याचा धंदा, तो सांगतो की मूर्तीच्या बाबतीत काळालाही मोजा. आणि कचनेरचे चिंतामणी पार्श्वनाथ तर आपल्या सगळ्यांच्या घरातले. सांगतात की ती मूर्ती मानेपासून भंगली, विसर्जन करायचं ठरलं, तेवढ्यात एका भक्ताला दृष्टांत झाला. मग तूप-साखरेत ठेवलेली मूर्ती पुन्हा जुळली. कार्तिकी पौर्णिमेला तिथे माणसांचा पूर लोटतो, लोक कोसन् कोस चालत येतात, आणि ही मूर्ती एकदा भंगलेली होती हे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ते कुणी लपवत नाही.

हे सगळं मी आता लिहिते आहे त्याला कारण आहे. भाच्याचं लग्न जमत नाही. मुली नाहीत म्हणून नव्हे. परिचय मेळाव्याची पुस्तिका घेऊन तो बसतो आणि मला त्याचा तो पोपट निवडणारा हात दिसतो. एक मुलगी चांगली शिकलेली, बोलायला मोकळी, पण पुढचे दोन दात एकमेकांवर. एकीच्या हाताला लहानपणी भाजल्याची खूण. "वाईट नाही गं मावशी, पण मनात तेच येत राहील." तो खोटं बोलत नव्हता. खरंच तेच येत राहिलं असतं, आणि त्या मुलीला ते रोज कळलं असतं. ती नाकारली गेली हे एका अर्थी तिचं नशीबच. पण दात एकमेकांवर असलेल्या मुलीला गेल्या दोन वर्षांत असे किती जण भेटले, हे तिच्या आईने मला सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

मुलांना तरी का दोष द्यावा? पुस्तिकेत आपणच रकाने आखून देतो. उंची, वजन, वर्ण. वर्णाच्या रकान्यात 'गोरा', 'गहू', 'निमगोरा' असे शब्द आणि 'सावळा' लिहिताना आईचा थबकलेला हात. मुलाच्या बाजूला तोच रकाना बऱ्याचदा रिकामा सोडलेला असतो, त्याबद्दल कुणी विचारतही नाही. मूल्यमापनाची ही पेटी आपण आपल्या हाताने तयार करतो, पोरीला तिच्यात बसवतो आणि मग मुलं भिंग घेऊन का बसतात म्हणून हळहळतो.

आमच्या महिला मंडळात मी सुचवलं की निदान वर्णाचा रकाना काढून टाकावा. एकदम गलका झाला. एक म्हणाली, फोटोत दिसतंच की, रकाना काढून काय साधणार? दुसरीचं म्हणणं, नंतर कटकट होण्यापेक्षा आधीच लिहिलेलं बरं. तीन मुलींची आई असलेली एक जण गप्प बसली होती. ती उठून म्हणाली, माझ्या धाकटीचा फॉर्म मी भरते तेव्हा ती दुसऱ्या खोलीत निघून जाते, त्या एका ओळीपाशी. त्यानंतर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग चहा आला.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. ती आई काय म्हणाली तेही सांगितलं. तो ऐकत होता. एवढंच म्हणाला, "मुलांच्या फॉर्ममध्येही तो रकाना आहे का? मी माझा बघितलाच नव्हता."

नवीन पुस्तिकेचे फॉर्म जानेवारीत छापायला जातील. समितीत अकरा जण आहेत, त्यांत बाया दोन. रकान्याचं अजून ठरलेलं नाही.